तक्रारपेटीची किल्ली कोणाकडे असते? : कोठडीतल्या छळाची चौकशी करणाऱ्या संस्था आणि त्यांचं स्वातंत्र्य

कोठडीत मार खाल्लेल्या माणसाची तक्रार बाकीच्या सरकारी तक्रारींसारखी नसते. दाखला मिळाला नाही, पेन्शन अडकली म्हणून अर्ज करणारा माणूस अर्ज देऊन घरी जातो. कोठडीतला माणूस तक्रार देतो आणि परत त्याच कोठडीत जातो. ज्याचं नाव त्याने लिहून दिलं, त्याच्याकडेच दाराचं कुलूप असतं. पाणी, औषध, नातेवाइकांची भेट, कोणत्या बराकीत कोणाशेजारी झोपायचं, हे सगळं तो किंवा त्याचे सहकारी ठरवतात. त्यात पुरावा असतो तो अंगावर, आणि दिवसागणिक फिका होत जातो.

हे ओळखूनच बऱ्याच देशांनी अशा तक्रारींसाठी वेगळ्या संस्था उभ्या केल्या आहेत. ढोबळमानाने त्या तीन प्रकारच्या असतात. पहिला प्रकार म्हणजे राष्ट्रीय मानवी हक्क आयोग किंवा ओम्बड्समनचं, म्हणजे सरकारी यंत्रणेविरुद्धच्या नागरिकांच्या तक्रारी तपासणाऱ्या स्वतंत्र अधिकाऱ्याचं, कार्यालय. त्यांच्याकडे कोठडीच नव्हे, सगळ्याच हक्कभंगाच्या तक्रारी येतात. दुसरा, फक्त पोलिसांविरुद्धच्या तक्रारींचा तपास करणारी प्राधिकरणं. तिसरा, कोणाच्या तक्रारीची वाट न पाहता तुरुंग, पोलीस ठाणी, मनोरुग्णालयं, स्थलांतरितांना डांबून ठेवण्याची केंद्रं अशा ठिकाणी जाऊन पाहणी करणारी पथकं.

तिन्ही प्रकारच्या संस्था सरकारी असतात. सरकारच्या कायद्याने जन्मलेल्या, सरकारच्या तिजोरीतून चालणाऱ्या. मग प्रश्न पडतो की हे काम सरकारबाहेरच्या संघटनांनीच का करू नये? त्या करतातच, आणि पुष्कळदा जास्त धाडसाने करतात. पण कोणत्याही कोठडीचं दार उघडायला लावणं, ठाण्यातलं रजिस्टर ताब्यात घेणं, अधिकाऱ्याला हजर राहण्याचा हुकूम काढणं, हे अधिकार फक्त कायद्याने मिळतात. त्यामुळे संस्था सरकारची असूनही सरकारच्या कह्यात नसावी, अशी तिची घडण करावी लागते. न्यायाधीशाचा पगारही तिजोरीतूनच येतो आणि तरी तो सरकारविरुद्ध निकाल देऊ शकतो. म्हणजे हे अशक्य नाही. मात्र ते आपोआप घडत नाही आणि कायद्याच्या पहिल्या कलमात ‘स्वतंत्र’ असं लिहिल्यानेही घडत नाही.

कागदावरच्या अटी

अशा संस्था कशा असाव्यात याचं सर्वमान्य मोजमाप म्हणजे पॅरिस तत्त्वं. ऑक्टोबर १९९१ मध्ये पॅरिसमध्ये झालेल्या कार्यशाळेत ती ठरली आणि डिसेंबर १९९३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने त्यांना मान्यता दिली. त्यांचं सार असं : संस्था राज्यघटनेने किंवा कायद्याने स्थापन झालेली असावी, नुसत्या सरकारी आदेशाने नव्हे. सदस्यांची मुदत ठरलेली असावी. समाजातले वेगवेगळे घटक तिच्यात असावेत. स्वतःचे कर्मचारी आणि स्वतःची जागा असावी, आणि पैशांच्या नाड्या आवळून तिला वाकवता येऊ नये.

ही तत्त्वं पाळली जातात का, हे पाहायला राष्ट्रीय मानवी हक्क संस्थांची एक जागतिक आघाडी आहे. तिची उपसमिती साधारण दर पाच वर्षांनी प्रत्येक संस्थेची तपासणी करते. तत्त्वांची पूर्ण पूर्तता असेल तर ‘ए’ दर्जा, अर्धवट असेल तर ‘बी’. ‘ए’ दर्जाच्या संस्थेला संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेत स्वतःच्या नावाने बोलता येतं, त्यामुळे सरकारांना या दर्जाची चाड असते.

नायजेरियाचं उदाहरण इथे उपयोगी आहे. तिथल्या मानवी हक्क आयोगाच्या कार्यकारी सचिवांना २००६ मध्ये मुदत संपायच्या आत पदावरून दूर करण्यात आलं. पुढच्याच वर्षी आयोगाचा दर्जा ‘ए’वरून ‘बी’वर आला. कायद्यात दुरुस्ती झाली आणि २०११ मध्ये ‘ए’ दर्जा परत मिळाला. या घटनाक्रमात नीट पाहिलं तर हक्कांची व्याख्या, जनजागृतीचे कार्यक्रम, घोषणा वगैरे कशावरही वाद नव्हता. वरच्या माणसाला नावडती गोष्ट केल्याबद्दल घरी पाठवता येतं का, एवढाच मुद्दा होता.

दक्षिण आफ्रिकेत हाच मुद्दा थेट घटना न्यायालयात गेला. तिथे पोलिसांविरुद्धचा तपास करणारं स्वतंत्र संचालनालय २०१२ पासून काम करतं आणि अशी संस्था असलीच पाहिजे हे देशाच्या घटनेतच लिहिलेलं आहे. २०१५ मध्ये पोलीस खात्याच्या मंत्र्यांनी या संचालनालयाचे प्रमुख रॉबर्ट मॅकब्राइड यांना निलंबित केलं. ज्या खात्याचा तपास करायचा, त्याच खात्याचा मंत्री तपास करणाऱ्याला घरी बसवू शकतो, अशी कायद्यात सोय होती. सप्टेंबर २०१६ मध्ये घटना न्यायालयाने ती घटनाबाह्य ठरवली. मंत्र्याने हा अधिकार वापरला की नाही हा वेगळा भाग. असा अधिकार मंत्र्याच्या हाती असणं हेच स्वातंत्र्याला बाधक आहे, अशी न्यायालयाची भूमिका होती. मला ही भूमिका फार मोलाची वाटते. डोक्यावर तलवार टांगलेली असेल तर ती पडावी लागत नाही. टांगलेली आहे हे माहीत असलेला अधिकारी फाइल उघडण्याआधीच सावध होतो.

पैशांचंही तसंच. खर्चाला कात्री लावताना कोणी ‘आम्ही चौकशी दडपतो आहोत’ असं म्हणत नाही. रिक्त पदं भरली जात नाहीत, प्रवासखर्चाची मंजुरी लांबते, दूरच्या तुरुंगाची भेट पुढच्या तिमाहीवर जाते. म्हणून संस्थेचा अर्थसंकल्प ज्या खात्यावर ती लक्ष ठेवते त्याच्या खिशातून येता कामा नये. तो कायदेमंडळाने थेट मंजूर करावा.

माणसं कोणाची?

आता सगळ्यात नाजूक जागेकडे येऊ. अध्यक्ष निवृत्त न्यायमूर्ती असतील, कार्यालय स्वतंत्र इमारतीत असेल, पण तक्रारीचा तपास प्रत्यक्षात करतो कोण? जबाब कोण घेतो, ठाण्यात जाऊन नोंदवही कोण पाहतो?

इंग्लंडचा प्रवास इथे पाहण्यासारखा आहे, कारण तो टप्प्याटप्प्याने, प्रत्येक वेळी आधीचं कमी पडलं म्हणून झाला. १९७७ मध्ये आलेलं मंडळ पोलिसांनीच केलेल्या तपासाचे कागद वाचून मत द्यायचं. १९८५ च्या प्राधिकरणाला तपासावर देखरेख करता येऊ लागली, पण तपास करणारे पोलीसच. स्वतःचे तपासी अधिकारी असलेला आयोग २००४ मध्ये आला आणि २०१८ पासून त्याची जागा आजच्या कार्यालयाने घेतली. या कार्यालयाचा महासंचालक कधीही पोलिसात काम केलेला नसावा अशी कायद्यातच अट आहे. तरीही आज तिथल्या बहुसंख्य तक्रारी संबंधित पोलीस दलाचाच अंतर्गत विभाग हाताळतो. कार्यालय स्वतः तपास करतं ते मोजक्या, गंभीर प्रकरणांचा. उत्तर आयर्लंडने वेगळा रस्ता धरला. २००० मध्ये तिथे सुरू झालेल्या पोलीस ओम्बड्समन कार्यालयाकडे पोलिसांविरुद्धच्या तक्रारी थेट जातात आणि तपास त्या कार्यालयाचीच माणसं करतात. अनेक वर्षांच्या हिंसाचारात पोलिसांवरचा एका मोठ्या समाजघटकाचा विश्वास उडालेला होता. तिथे ‘पोलीसच पोलिसांची चौकशी करतील’ असं म्हणणं शक्यच नव्हतं.

भारताचा राष्ट्रीय मानवी हक्क आयोग १९९३ च्या कायद्याने स्थापन झाला. त्याच कायद्यात आयोगाच्या तपास विभागासाठी पोलीस अधिकारी सरकारने पुरवायचे अशी तरतूद आहे. हे अधिकारी प्रतिनियुक्तीवर येतात, म्हणजे काही वर्षं आयोगात काम करून परत आपल्या मूळ खात्यात जातात. जागतिक आघाडीच्या उपसमितीने २०१६, २०२३ आणि २०२४ मध्ये या आयोगाचा दर्जा पुढे चालू ठेवण्याचा निर्णय लांबणीवर टाकला, आणि पोलिसांचा तपासातला हा सहभाग हा तिच्या आक्षेपांपैकी एक ठळक आक्षेप होता.

हा आक्षेप वैयक्तिक नाही, हे समजून घ्यायला हवं. प्रतिनियुक्तीवर आलेला अधिकारी अत्यंत सचोटीचा असू शकतो. पण त्याची पुढची बढती, पुढची बदली, निवृत्तीपर्यंतचे सहकारी हे सगळं त्या मूळ खात्यात आहे. आज ज्याचा जबाब घ्यायचा, त्याच्याच हाताखाली उद्या काम करावं लागू शकतं. त्याहून खोल गोष्ट म्हणजे सवय. वीस वर्षं ज्या नजरेने आरोपीकडे पाहिलं, ती नजर टेबल बदलल्याने बदलत नाही. ‘असले लोक तक्रारी करणारच’ हे वाक्य मनात आधीच तयार असतं. कुंपणच शेत खातंय अशी तक्रार असताना ती तपासायला कुंपणाचाच दुसरा भाग पाठवायचा, असा हा प्रकार होतो.

याला एक रास्त उत्तर दिलं जातं : पोलिसी तपास हे कसबाचं काम आहे, ते बाहेरच्यांना कसं येणार? ठाण्यातल्या नोंदी कुठे आणि कशा फिरवल्या जातात हे आतल्या माणसाइतकं कोणाला कळणार? हे खरं आहे, आणि म्हणूनच पुष्कळ चांगल्या संस्था काही माजी पोलिसांना घेतात. पण घेतात ते कायमच्या नोकरीवर, ज्यांना परत जायचं नाही अशांना. शिवाय वकील, डॉक्टर, न्यायवैद्यक तज्ज्ञ, सामाजिक कार्यकर्ते असे इतर लोक सोबत राहतील आणि पथकाचा प्रमुख दुसराच कोणी असेल हे पाहतात. कसब बाहेरून आणता येतं. परतीचं तिकीट मात्र काढून घ्यावं लागतं.

पहिले काही तास

संस्था कितीही स्वतंत्र असो, ती पोहोचते कधी यावर बरंच अवलंबून असतं. जुलै १९९८ मध्ये अ‍ॅमस्टरडॅममध्ये पोलिसांच्या गोळीने एक तरुण ठार झाला. नेदरलँड्समध्ये अशा घटनांच्या तपासासाठी राष्ट्रीय पातळीवरचा वेगळा विभाग होता. पण तो येईपर्यंत साडेपंधरा तास गेले आणि तेवढ्या वेळात तपासाचा महत्त्वाचा भाग स्थानिक दलानेच, म्हणजे गोळी झाडणाऱ्याच्या सहकाऱ्यांनीच, उरकला होता. गोळी झाडणारा आणि त्याच्यासोबतचा अशा दोन अधिकाऱ्यांना एकमेकांपासून वेगळं ठेवलं गेलं नाही, आणि त्यांची चौकशी झाली ती जवळपास तीन दिवसांनी. त्यांच्या हातांवर बंदुकीच्या दारूचे अंश आहेत का हेही तपासलं नाही. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाच्या महापीठाने २००७ मध्ये हा तपास अपुरा आणि पुरेसा स्वतंत्र नसलेला ठरवला. अधिकाऱ्यांनी संगनमत केलं असं न्यायालयाने म्हटलेलं नाही. संगनमताला वाव ठेवला, एवढं पुरेसं होतं.

हे प्रकरण रस्त्यावरच्या गोळीबाराचं होतं. बंद दारामागच्या मारहाणीत वेळेचं महत्त्व कितीतरी वाढतं. तळपायांवर काठीने मारलं तर सूज आणि काळंनिळेपण काही दिवसांत ओसरतं. आत इजा राहते, पण ती ओळखायला जाणता डॉक्टर लागतो. ओल्या कापडावरून मारलं, प्लास्टिकची पिशवी तोंडावर धरली, तासन्‌तास उभं ठेवलं, झोपू दिलं नाही, तर डोळ्यांना दिसणारी खूण राहीलच असं नाही. म्हणून पहिली वैद्यकीय तपासणी हाच या सगळ्या व्यवस्थेचा कणा आहे.

ती कशी करावी याची जगभर मानली जाणारी पद्धत म्हणजे इस्तंबूल प्रोटोकॉल. १९९९ मध्ये डॉक्टर, वकील आणि मानवी हक्कांच्या अभ्यासकांनी तो तयार करून संयुक्त राष्ट्रांना सादर केला. २०२२ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती आली. त्यात डॉक्टरला ‘छळ झाला का?’ याचं हो-नाही असं उत्तर मागत नाहीत. प्रत्येक जखम आणि त्या माणसाने सांगितलेली हकीकत यांचा मेळ किती बसतो, हे पायऱ्यांनी लिहायला सांगतात. मेळ बसत नाही, बसू शकतो पण जखमेची इतर अनेक कारणंही असू शकतात, चांगलाच बसतो, अशा प्रकारे झालेल्या इजेत सहसा असंच दिसतं, आणि शेवटची पायरी म्हणजे दुसऱ्या कशाने अशी जखम होऊच शकत नाही. एकेक जखम अशी तोलून शेवटी सगळ्यांचा एकत्रित विचार करायचा. यामुळे ‘अंगावर साध्या जखमा’ असा एका ओळीचा शेरा मारून मोकळं होता येत नाही.

आता ही तपासणी प्रत्यक्षात कशी होते ते पाहा. खोलीत डॉक्टर आहे, समोर बंदी आहे, आणि दाराशी तोच शिपाई उभा आहे ज्याने त्याला आणलं. दार उघडं आहे, सुरक्षेसाठी. डॉक्टर विचारतो, ‘काय झालं?’ बंदी शिपायाकडे पाहतो आणि म्हणतो, ‘पडलो.’ रजिस्टरमध्ये नोंद होते : घसरून पडल्याने मुका मार. सहा महिन्यांनी चौकशी करणारी स्वतंत्र संस्था हेच रजिस्टर पुरावा म्हणून मागवते, आणि त्यात तक्रारदाराचे स्वतःचेच शब्द असतात. डॉक्टर तुरुंग खात्याचा नोकर असेल तर त्याचीही कोंडी होते. त्याचा वरिष्ठ तुरुंगाचा अधीक्षक, निष्ठा मात्र हवी रुग्णाशी. कैद्यांच्या वागणुकीविषयीचे संयुक्त राष्ट्रांचे नियम २०१५ मध्ये सुधारून नेल्सन मंडेलांच्या नावाने ओळखले जाऊ लागले. त्यांत तपासणी पूर्ण गोपनीयतेत व्हावी आणि छळाची चिन्हं दिसली तर डॉक्टरने ती नोंदवून वर कळवावीत असं स्पष्ट सांगितलं आहे. काही देशांनी तुरुंगातली आरोग्यसेवा तुरुंग खात्याकडून काढून आरोग्य खात्याकडे दिली. चौकशी आयोगाच्या कायद्यात शंभर सुधारणा करण्यापेक्षा हा एक बदल जास्त परिणाम करू शकतो, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

आणखी एक गोष्ट न्यायालयांनी हळूहळू प्रस्थापित केली. माणूस धडधाकट अवस्थेत ताब्यात गेला आणि बाहेर आला तेव्हा जखमी होता, तर जखमा कशा झाल्या हे पटेल असं सांगण्याची जबाबदारी राज्याची. युरोपीय न्यायालयाने १९९९ मध्ये फ्रान्सविरुद्धच्या एका गाजलेल्या खटल्यात हे ठामपणे मांडलं. कारण उघड आहे : बंद खोलीत काय घडलं याचे साक्षीदार एका बाजूचे, कागदपत्रं एका बाजूची, कॅमेरा असलाच तर त्याची साठवणही त्याच बाजूकडे. पुराव्याचं ओझं तक्रारदारावर टाकलं तर चौकशी सुरू होण्याआधीच संपते.

तक्रार दिल्यानंतरची रात्र

तुरुंगाच्या मार्गिकेत तक्रारपेटी असते. ती कुठे टांगली आहे हे पाहावं. पहारेकऱ्याच्या टेबलासमोर असेल तर पेटीत चिठ्ठी टाकणारा प्रत्येक जण त्याला दिसतो. आणि किल्ली कोणाकडे आहे हे विचारावं. अधीक्षकाच्या कार्यालयात असेल, तर ती पेटी नुसती लोखंडाची आहे. चिठ्ठी लिहायला कागद-पेन मागावं लागतं. कशाला हवं हे सांगावं लागतं. लिहिता येत नसेल तर दुसऱ्याला सांगून लिहून घ्यावं लागतं. फोनची सोय असली तर तो कोणाच्या कानापाशी आहे हाही प्रश्न असतोच.

आणि मग डूख धरला जातो. मारहाण क्वचित; ती पुन्हा पुरावा निर्माण करते. बदली होते, घरच्यांना येता येणार नाही इतक्या लांबच्या तुरुंगात. भेटी रद्द होतात. झडती रोज होऊ लागते. किंवा उलट तक्रार दाखल होते की यानेच पहारेकऱ्यावर हात उगारला. संयुक्त राष्ट्रांच्या १९८४ च्या छळविरोधी करारात तक्रारदार आणि साक्षीदार यांना अशा त्रासापासून वाचवणं हे राज्याचं कर्तव्य आहे, असं कलम १३ मध्ये लिहिलं आहे. पण प्रत्यक्ष संरक्षण संस्थेच्या कामाच्या पद्धतीत असावं लागतं. जाणती पथकं भेटीच्या वेळी एका तक्रारदाराला बोलावून घेत नाहीत; एका बराकीतल्या पुष्कळ जणांशी, साधारण तेवढाच वेळ, एकेकट्याने बोलतात. मग नेमकं कोण काय बोललं हे ओळखणं अवघड होतं. काही आठवड्यांनी न कळवता परत जातात आणि त्याच लोकांना शोधतात. कोणी दिसलं नाही तर तो कुठे गेला आणि कोणाच्या सहीने, हे विचारतात.

न कळवता जाण्याचा हा अधिकार २००२ च्या एका पूरक करारातून आला. तो २००६ पासून अमलात आहे. करार स्वीकारणाऱ्या देशाला अशी स्वतंत्र पथकं स्वतः नेमावी लागतात आणि संयुक्त राष्ट्रांच्या उपसमितीलाही कोठड्यांमध्ये येऊ द्यावं लागतं. हा अधिकार किती झोंबतो याचं उदाहरण एका प्रस्थापित लोकशाहीतलं आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये ही उपसमिती ऑस्ट्रेलियात गेली. न्यू साउथ वेल्स आणि क्वीन्सलँड या राज्यांमध्ये तिला काही ठिकाणी प्रवेश मिळाला नाही. उपसमितीने भेट थांबवली आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये ती कायमची रद्द केली.

अहवाल आल्यावर

समजा सगळं नीट झालं. तपास झाला, छळ सिद्ध झाला. पुढे? बहुतेक मानवी हक्क आयोग शिफारस करू शकतात : भरपाई द्या, खटला भरा, शिस्तभंगाची कारवाई करा. खातं ‘विचाराधीन’ म्हणून उत्तर पाठवतं आणि प्रकरण दप्तरी दाखल होतं. भारताच्या आयोगाने सर्वोच्च न्यायालयासमोर स्वतःची अवस्था दात नसलेल्या वाघासारखी असल्याचं सांगितलं होतं, आणि मणिपूरमधल्या कथित बनावट चकमकींविषयीच्या २०१६ च्या निकालात त्याची नोंद आहे. याच आयोगाला सशस्त्र दलांविरुद्धच्या तक्रारीत स्वतः तपास करता येत नाही, केंद्र सरकारकडून अहवाल मागवता येतो. आणि घटनेला एक वर्ष उलटून गेलं तर तक्रारीची चौकशीच करता येत नाही. दीड वर्षाने कोठडीतून सुटलेल्या माणसासाठी ही एक वर्षाची मुदत काय असते, याचा विचार करावा.

शिफारशी बंधनकारक कराव्यात का, यावर प्रामाणिक मतभेद आहेत. तपास, निवाडा आणि शिक्षा तिन्ही एकाच संस्थेकडे दिले तर तिच्यावर लक्ष कोणी ठेवायचं? स्वतंत्र संस्थाही चुकते, आळसावते, भेदभाव करते. म्हणून तिने कायदेमंडळाला हिशोब द्यावा, तिच्या निर्णयाला न्यायालयात आव्हान देता यावं. मधला मार्ग असा की शिफारस नाकारायची तर ठरावीक दिवसांत लेखी कारणं द्यावीत आणि ती जाहीर व्हावीत. आणि फौजदारी खटल्याचा निर्णय स्थानिक पोलिसांशी रोजचा संबंध नसलेल्या सरकारी वकिलाने घ्यावा. एवढं झालं तरी ‘विचाराधीन’ या शब्दाचा बराच दम कमी होतो.

संस्था खरोखर चावू लागली तर तिलाच मोडून टाकण्याचा मार्ग सरकारपुढे उरतोच. जॉर्जियात सरकारी अधिकाऱ्यांकडून होणाऱ्या छळाचा तपास २०१९ पासून राज्य निरीक्षक सेवेकडे होता. २०२१ मध्ये तुरुंगात असलेल्या माजी राष्ट्राध्यक्षांना मिळालेल्या वागणुकीबद्दल या सेवेने तुरुंग प्रशासनाविरुद्ध पावलं उचलली. त्याच वर्षीच्या डिसेंबरअखेर संसदेने घाईघाईने कायदा करून ही सेवा बरखास्त केली आणि मार्च २०२२ पासून तिच्या जागी दोन वेगळ्या संस्था आल्या. निरीक्षकांची मुदत कायद्याने ठरलेली होती, पण पदच राहिलं नाही. म्हणून शक्य असेल तिथे अशा संस्थेचं मूळ राज्यघटनेत असावं, असा आग्रह धरला जातो.

एक निष्कर्ष सांगितला नाही तर हे सगळं अपुरं राहील. छळ रोखण्यासाठी नेमकं काय उपयोगी पडतं, याचा सोळा देशांतला तीस वर्षांचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात चार गोष्टी तपासल्या : अटकेच्या वेळच्या खबरदाऱ्या, दोषींवर खटले, कोठड्यांना भेटी आणि तक्रार यंत्रणा. सर्वांत जास्त परिणाम पहिल्या गोष्टीचा दिसला. घरच्यांना लगेच कळवणं, वकिलाची भेट, वैद्यकीय तपासणी, आणि हे सगळं कायद्यात नव्हे तर प्रत्यक्षात. सर्वांत कमी परिणाम तक्रार यंत्रणांचा. काहींनी यावरून या संस्था निरुपयोगी आहेत असा अर्थ काढला. मला तो घाईचा वाटतो. तक्रार घेणाऱ्या बऱ्याच संस्था आलेली तक्रार उत्तरासाठी त्याच खात्याकडे पाठवतात आणि आलेलं उत्तर तक्रारदाराला पाठवून प्रकरण बंद करतात. त्यांचा परिणाम मोजला तर तो कमीच निघणार.

त्यामुळे आपल्या देशातल्या अशा संस्थेचा वार्षिक अहवाल हातात आला, तर अध्यक्षांचं मनोगत आणि ‘निकाली काढलेल्या तक्रारी’ हा मोठा आकडा ओलांडून पुढे जावं. निकाली म्हणजे कशा निकाली, हे शोधावं. किती तक्रारी संबंधित खात्याकडे पाठवून बंद झाल्या? कितींमध्ये संस्थेची माणसं स्वतः जागेवर गेली, आणि घटनेनंतर किती तासांनी? किती तक्रारदारांची खात्याबाहेरच्या डॉक्टरकडून तपासणी झाली? किती शिफारशी नाकारल्या गेल्या आणि कोणी? न कळवता दिलेल्या भेटी किती, त्यांतल्या रात्रीच्या किती? आणि तक्रार दिल्यानंतर कितीजणांनी ती मागे घेतली? हा शेवटचा आकडा बहुतेक अहवालांत नसतो. तो लेखी मागावा, आणि सोबत प्रत्येक माघारीचं नोंदवलेलं कारणही मागावं.